दगडाचा सांधा आणि दुकानदाराचा शब्द

सौंसर गावाचे नाव भूगर्भशास्त्राच्या ग्रंथांतून येते, हे आपल्या सभासदांपैकी थोड्यांसच ठाऊक असेल. नागपूर, भंडारा, बालाघाट आणि छिंदवाडा या पट्ट्यातील ज्या अतिप्राचीन खडकांत मँगनीज सापडते, त्या खडकसमूहास शास्त्रज्ञांनी ‘सौंसर’ हेच नाव दिले आहे; आणि त्यांत संगमरवराचेही थर आहेत. पांढुर्ण्याकडे वळावे तो काळा कातळ लागतो. दगडांच्या अशा मुलखात राहूनही घर बांधणारा गृहस्थ स्वयंपाकाच्या ओट्याकरिता ग्रॅनाइट मागवितो तो राजस्थानातून, नाही तर दक्षिणेकडून. त्यास माझी हरकत नाही. परंतु तो दगड सांधावयाचा आणि त्यात सिंक बसवावयाचे ते मात्र आपल्याच बाजारातील मालाने. आणि या मालाविषयी विकणाराच पुष्कळदा अज्ञानी असतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

पूर्वी सिंकचा काठ ओट्याच्या दगडावर टेकलेला असे, त्यामुळे भार दगडच वाही. आता सिंक दगडाच्या खालच्या बाजूने लावण्याची रीत आली आहे. काठ दडतो, ओटा पुसताना पाणी व खरकटे सरळ आत लोटता येते. आपल्या घरांतील स्त्रियांस ही सोय विशेष पटते. कारण खरकटे दोन घटकांहून अधिक काळ ओले राहिल्यास त्यात संमूर्च्छिम जीव उपजतात, ही आपली श्रद्धा, आणि जुन्या सिंकच्या काठाखालील फट काही केल्या कोरडी होत नसे. पण खालून लावलेल्या सिंकचा सांधा बिघडला, तर हीच ओल डोळ्यांआड, कपाटात जाऊन बसते. शिवाय भाराचा प्रश्न उरतोच.

काही वर्षांपूर्वी सौंसरचे एक गृहस्थ माझ्या दुकानी आले. “मिस्त्रीनं विचारायला सांगितलं आहे, शेठजी, सिंक चिकटवायला काय द्याल?” मी सिलिकॉनची एक नळी काढून दिली आणि पैसे घेतले. सिंक वरून बसणार की खालून, एवढेही मी विचारले नाही. दोन महिन्यांनी पाण्याने भरलेले ते सिंक भांड्यांसकट खाली आले. त्यांची नात त्याच कपाटापाशी खेळत असे. त्या घटकेस ती अंगणात होती. गृहस्थ भांडावयास आले नाहीत. “तुम्ही दिलं तेच लावलं,” इतकेच म्हणाले. भांडले असते तर बरे झाले असते.

त्या रात्री मी हिशेब मांडला. २२ इंच लांब, १८ इंच रुंद व ९ इंच खोल अशा सिंकमध्ये काठोकाठ सुमारे ५८ लिटर पाणी मावते. म्हणजे ५८ किलो भार, भांडी निराळी. सिलिकॉन हे मुख्यतः फट बुजविणारे द्रव्य आहे. ते रबरासारखे लवचिक राहते, हाच त्याचा गुण; कारण उष्णतेने पोलाद ग्रॅनाइटच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते, आणि कढत पाणी ओतताच दोहोंत जी ओढाताण होते ती लवचिक सांधाच सोसू जाणे. परंतु भार टांगून ठेवणे हे त्याचे काम नव्हे. त्यासाठी सिंकच्या काठाखाली कडप्प्याची अथवा लोखंडी चौकटीची बैठक हवी, किंवा दगडास पक्क्या केलेल्या पकडी तरी हव्यात.

दगडास दगड जोडावयाचा तर माल निराळा. बाजारात दोन जातींची राळ मिळते आणि डबे दिसावयास सारखेच. पॉलिएस्टर राळेत हार्डनर शेकडा दोन-तीन भागच घालावयाचा. ती काही मिनिटांत धरते, स्वस्त पडते, म्हणून मिस्त्रींस प्रिय. पण घट्ट होताना ती आक्रसते, आणि सतत ओलाव्यात तिचा भरवसा नाही. इपॉक्सी महाग व सावकाश, परंतु आक्रसते कमी व पाण्यात टिकते. सिंकजवळील सांध्यास तीच योग्य. तिच्या दोन भागांचे प्रमाण मात्र ठरलेले असते. लवकर वाळावी म्हणून हार्डनर वाढविणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. त्याने सांधा कच्चाच राहतो. आपल्याकडील मे महिन्यात तर घाईची गरजच नाही : उष्णमान दहा अंशांनी वाढले की ही क्रिया ढोबळमानाने दुप्पट वेगाने होते, आणि कालविलेला माल हातातच दगड होतो. थोडा थोडा कालवावा, सकाळी लवकर. कापताना भिजलेला दगड पुरता वाळू द्यावा. आणखी एक : ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, ते संगमरवरास लावू नये, आम्ल त्यास खाते.

आपल्या पूर्वजांस चिकट मालाचा प्रश्न निराळ्याच रूपाने पडला होता. तलवारीची मूठ बसवावयाची ती लाखेने, आणि लाक्षावाणिज्य तर श्रावकास वर्ज्य अशा पंधरा कर्मादानांपैकी एक. सुताराचा सरस कातड्याहाडांचा. तेव्हा जैन दुकानदाराने हा माल ठेवावा कसा? १९५९ साली फेव्हिकॉल बाजारात आणणारे बळवंत पारेख महुव्याच्या जैन कुटुंबातले, हा योगायोग मला नेहमीच सूचक वाटत आला आहे. (तो माल लाकडाचा, ओल्या ओट्याच्या दगडास त्याचा उपयोग नाही, हेही गिऱ्हाइकास सांगावे लागते.) इपॉक्सीचा शोध स्वित्झर्लंडात पियेर कास्तां यांनी १९३० नंतरच्या दशकात लावला आणि १९४६ पासून ती विक्रीस आली. हिंसेचा दोष अशा रीतीने पुष्कळसा टळला.

दुसरा दोष राहिला. तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताच्या अतिचारांत प्रतिरूपक व्यवहार सांगितला आहे : एका मालाच्या जागी तत्सदृश दुसरा देणे. इपॉक्सी मागणारास पॉलिएस्टर देणे हा तो उघडच झाला. मुदत उलटलेला डबा पुढे सरकविणे, हाही मी त्यातच धरतो. पण गिऱ्हाइकाने काहीच नाव न घेता “चिकटवायला काहीतरी द्या” म्हटले आणि आपण हाताशी होते ते दिले, तर त्याची गणना कशात करावी? आमच्या एका वयोवृद्ध बंधूंच्या मते यात अतिचार नाही, केवळ प्रमाद आहे. मला ते पटत नाही.

सौंसरच्या त्या घरी मी मिस्त्रीस घेऊन स्वतः गेलो. जुने सिलिकॉन खरवडून काढले, दगडाची खालची बाजू पुसून वाळविली, कडप्प्याच्या दोन उभ्या पट्ट्यांवर आडवी चौकट टेकविली, तीवर सिंक ठेविले आणि मग काठाभोवती सिलिकॉन भरले. दुसऱ्या दिवशी सिंक काठोकाठ भरून रात्रभर तसेच ठेविले, खाली कोरडा कागद पसरला. सकाळी गृहस्थांच्या नातीनेच तो कागद काढून दाखविला. कोरडा होता.