विश्लेषण : बिघडलेला मल्टिमीटर ‘शून्य’ दाखवतो, तेव्हा नेमके काय तपासायचे?

सॉकेटमध्ये २३० व्होल्ट असताना मल्टिमीटरने शून्य दाखवले, तर वीज बंद आहे असे समजून कुणीही तारेला हात लावेल. म्हणूनच पूर्ण बंद पडलेल्या मीटरपेक्षा खोटे आकडे दाखवणारा मीटर अधिक घातक. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यातील तापकीर गल्लीत मिळणारा स्वस्त मीटर असो वा महागडा, नेहमीचे बिघाड मोजक्याच जागी होतात.

मीटर बिघडतो कशामुळे?

करंट मोजून झाल्यावर लाल वायर १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये तशीच राहते आणि पुढच्या वेळी त्याच वायरने घरातील व्होल्टेज मोजले जाते. करंट मोजताना मीटर सर्किटचाच भाग होतो, त्यामुळे तिथला रोध जवळजवळ शून्य असतो. २३० व्होल्टवर लावला की थेट शॉर्ट सर्किट! फ्यूज असेल तर तो उडतो. मात्र अनेक स्वस्त मीटरमध्ये १० अँपिअरच्या मार्गावर फ्यूजच नसतो. ‘अनफ्यूज्ड’ असे सॉकेटशेजारी बारीक अक्षरात छापलेले असते, ते वाचतो कोण? मग प्रोबचे टोक वितळते, आतला ट्रॅक जळतो. नॉब ओहमवर ठेवून वीजपुरवठा मोजणे ही दुसरी नेहमीची चूक.

तपासणी कुठून सुरू करायची?

आधी बॅटरी. साध्या मीटरमध्ये आयसीएल ७१०६ किंवा तिच्यासारखी चिप असते. ९ व्होल्टची बॅटरी फार उतरली की चिपचे संदर्भ व्होल्टेज घसरते आणि मीटर खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू लागतो. घरात अचानक २६० व्होल्ट ‘येऊ’ लागले, तर महावितरणला फोन करण्याआधी बॅटरी बदलून पाहावी.

नंतर वायर. नॉब २०० ओहमवर ठेवून दोन्ही टोके एकमेकांना टेकवावीत. साधारण एक ओहम किंवा त्याहून कमी दिसायला हवे. डावीकडे नुसता ‘१’ राहिला किंवा वायर हलवताच आकडा नाचू लागला, तर तार आतून तुटली आहे. ती बहुधा पिनेजवळच तुटते. ‘शून्य व्होल्ट’ दिसण्याचे हे अगदी साधे कारण. नवी वायर लावली की काम झाले.

व्होल्टेज बरोबर, पण मिलिअँपिअर कायम शून्य दिसत असेल तर फ्यूज उडाला असण्याची शक्यता मोठी.

आत काय पाहायचे?

मागचे झाकण दोन्ही वायर काढूनच उघडावे. काळवंडलेला रोधक नजरेला लगेच दिसतो. रंगपट्ट्या शाबूत असतील तर त्याच किमतीचा लावता येतो. आकड्यांच्या रेषा अर्धवट दिसत असतील, तर डिस्प्लेखालची वीजवाहक रबरपट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. एका बाजूला छोटा प्रीसेट असतो. तो फिरवून आकडा ‘बरोबर’ करण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. पण तुलनेसाठी अचूक मीटर नसेल तर त्याला हात लावू नये. काळ्या इपॉक्सीच्या थेंबाखालची चिपच गेली असेल, तर स्वस्त मीटरवर पुढे खर्च करण्यात अर्थ नाही.

फ्यूजऐवजी तार चालेल का?

नाही. सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी पन्नी गुंडाळणे हा ‘जुगाड’ अनेक वर्कशॉपमध्ये दिसतो. पुढची चूक झाली की स्फोट हातातच होतो. अँपिअर आणि व्होल्ट दोन्ही तेच असलेला फ्यूज हवा. चांगल्या मीटरमधील वाळू भरलेल्या एचआरसी फ्यूजच्या जागी काचेचा बसवू नये. २५० व्होल्टचा काचेचा फ्यूज असलेला मीटर थ्री-फेजच्या ४१५ व्होल्टवर वापरूच नये. सॉकेटपाशी प्लास्टिक वितळले किंवा तडा गेला असेल, तर घरातील विजेसाठीही तो बाद समजावा.

दुरुस्तीनंतर भरवसा कधी ठेवायचा?

आधी नवा सेल मोजावा, १.५ व्होल्टच्या आसपास आकडा यायला हवा. नंतर चालू असल्याची खात्री असलेले सॉकेट. प्रत्यक्ष काम करतानाही हाच क्रम : आधी चालू सॉकेटवर मीटर तपासायचा, मग बंद केलेली तार मोजायची आणि लगेच पुन्हा त्याच चालू सॉकेटवर मीटर लावून पाहायचा. तिसऱ्या वेळी आकडा आला नाही, तर मधले ‘शून्य’ धरायचे नाही.