घराचा उंबरा आणि कचेरीचा उंबरा

आपल्या गावातल्या मुली हल्ली मोबाईलवर कोरियातल्या मालिका बघतात. राजवाडा, पायघोळ कपडे, सासवा-सुना, कारस्थानं. आपणही येता-जाता डोकावतो. अशा गोष्टी त्या देशात तीनशे वर्षांपूर्वीही होत्या, पण पुस्तकांत. आणि ती पुस्तकं वाचणाऱ्यांत बायका पुष्कळ होत्या. आज आम्ही त्या जुन्या कादंबऱ्यांबद्दल बोलणार आहोत. त्यांत गोष्ट घराची असते, पण कुठेतरी सरकार उंबऱ्याच्या आत येतंच. ते कसं येतं, ते बघू.

आधी तो काळ समजून घेऊ. कोरियात १३९२ पासून १९१० पर्यंत चोसन घराण्याचं राज्य होतं. कन्फ्यूशियस या चिनी विचारवंताची शिकवण राज्यकर्त्यांनी प्रमाण मानली होती. प्रजेनं राजाचं ऐकायचं, मुलानं बापाचं, बायकोनं नवऱ्याचं. घर नीट चाललं की राज्य नीट चालतं, असं ते म्हणत. ऐकायला बरं वाटतं. पण त्यामुळे घरात काय चालायचं, हेही सरकारच ठरवू लागलं.

बायकोला घराबाहेर काढायला सात कारणं मान्य होती. सासू-सासऱ्यांचं न ऐकणं, मुलगा न होणं, व्यभिचार, मत्सर, मोठा आजार, जास्त बोलणं आणि चोरी. वाचवणारे अपवाद तीनच. तिला जायला माहेर उरलं नसेल, तिनं सासू-सासऱ्यांचं सुतक पाळलं असेल, किंवा गरिबीत संसाराला लागून पुढे घर श्रीमंत झालं असेल. विधवेनं पुन्हा लग्न केलं, तर तिच्या मुलांना सरकारी अधिकारी होता येत नसे. हे पंधराव्या शतकातच कायद्यात आलं. म्हणजे लग्न आईचं आणि शिक्षा लेकरांना. असं असल्यावर कुठली आई धजेल?

आता वाचनाचं. शिकलेले पुरुष चिनी लिपीत लिहायचे. ती शिकायला वर्षंच्या वर्षं लागत. १४४६ मध्ये सेजोंग राजानं सामान्य माणसांसाठी सोपी लिपी जाहीर केली. तिला आज हंगुल म्हणतात. मोठे लोक तिला हलकी समजत. बायकांनी मात्र ती उचलली. पत्रं लिहिली, कादंबऱ्या हातानं नकलून काढल्या. अठराव्या शतकात सोल शहरात भाड्यानं पुस्तकं देणारी दुकानं चालत. छे जेगोंग नावाच्या एका बड्या दरबाऱ्यानं तक्रारच लिहून ठेवली आहे, की बायका केसांतले आकडे आणि बांगड्या विकून पुस्तकं भाड्यानं आणतात. त्याला तो उधळेपणा वाटला. आम्हाला वाटतं, पुस्तकात आपल्याच घरातलं काही सापडत असल्याशिवाय बाई बांगडी विकत नाही.

काय सापडत होतं? पहिली गोष्ट सा नावाच्या बाईची. किम मानजुंग या दरबारातल्या माणसानं ती लिहिली. साला मूल होत नाही. ती स्वतःच नवऱ्याला दुसरी बायको करायला सांगते. घरात ग्यो येते, तिला मुलगा होतो. मग ग्यो सावर खोटे आळ घेते, आणि सा घराबाहेर पडते. पुढे ग्यो आणि तिचा साथीदार एका भ्रष्ट मंत्र्याला हाताशी धरून नवऱ्यालाच हद्दपार करवतात. शेवटी सत्य बाहेर येतं, सा परत येते, ग्योला मरणाची शिक्षा होते.

गोष्ट चीनमध्ये घडते असं दाखवलं आहे, पण वाचणाऱ्यांना खूण पटत होती. १६८९ मध्ये कोरियाच्या सुकजोंग राजानं मूल नसलेल्या राणी इन्ह्योनला घालवलं आणि मुलगा झालेल्या जांग हीबिनला राणी केलं. किम मानजुंग राजाच्या विरोधी गटातला. त्याला नामहे बेटावर धाडलं, आणि १६९२ मध्ये तो तिथेच वारला. राजाचे डोळे उघडावेत म्हणून त्यानं ही गोष्ट लिहिली, असं मानलं जातं. १६९४ मध्ये राणी इन्ह्योन परत आली, पण ते पाहायला तो नव्हता.

पण मैत्रिणींनो, एक लक्षात घ्या. सानं आपण होऊन सवत का आणली? मुलगा नसणं हे घालवण्याच्या सात कारणांपैकी एक होतं म्हणून. गोष्टीत सवतीला फाशीपर्यंत नेलं आहे. सवत आणायला भाग पाडणाऱ्या नियमाला मात्र कुणी हात लावत नाही.

दुसरी गोष्ट छुनह्यांगची. ही कोरियात घरोघरी माहीत आहे. नामवॉन गावातल्या एका कलावंतिणीची ही मुलगी. तिथल्या हाकिमाच्या मुलाशी, मोंगर्योंगशी, तिचं लग्न लागतं, तेही गुपचूप. बापाची बदली होते आणि तो राजधानीला जातो. नवा हाकिम येतो आणि छुनह्यांगला बोलावणं धाडतो. त्याच्या मते कलावंतिणीची मुलगी म्हणजे सरकारी हजेरीतली बाई, तिला कसलं पातिव्रत्य! ती त्याला सरकारचीच शिकवण ऐकवते. इमानी चाकर दोन राजांची सेवा करत नाही, तशी बायको दोन नवऱ्यांची होत नाही. राज्यावर शत्रू आला तर तुम्ही त्याच्यापुढे वाकणार का? हाकिम तिला फटके मारून तुरुंगात टाकतो.

मोंगर्योंग परीक्षा पास होऊन राजाचा गुप्त तपासनीस होतो. भिकाऱ्याच्या वेशात येतो, हाकिमाच्या वाढदिवसाच्या जेवणावळीत आपली ओळख उघड करतो आणि त्याला पकडवतो. ऐकणाऱ्यांना इथे आनंद होणारच. पण अनेक पाठांत तो सुटकेआधी तोंड लपवून तिला विचारतो, की माझी तरी होशील का? ती तेव्हाही नाही म्हणते. चांगला अधिकारीसुद्धा आधी परीक्षा तिचीच घेतो.

तिसरी गोष्ट होंग ग्येवोलची. मुलाच्या वेशात वाढलेली ही मुलगी परीक्षा देते आणि सेनापती होते. बोगुक हा तिच्या हाताखाली असतो. ती आजारी पडते, दरबारचा वैद्य तपासतो आणि गुपित फुटतं. बादशहा तिचं पद काढत नाही, पण बोगुकशी लग्न लावून देतो. घरात नवरा वरचढ, रणात ती वरचढ. हुकूम मोडला की ती नवऱ्यालाही सुनावते. ज्या घरात जास्त बोलणं हा गुन्हा होता, त्या घरात कुणीतरी ही गोष्ट वाचून दाखवत असेल, तेव्हा बाकीच्या कशा हसल्या असतील!

या तिन्ही गोष्टींत न्याय मिळतो, पण तो एका भल्या माणसाच्या हातून. बादशहा भला निघाला, तपासनीस वेळेवर आला, म्हणून. नाही आला तर? नियम तर तसाच राहतो. म्हणून पुढचा भाग कादंबरीच्या बाहेरचा आहे. १८९४ च्या सुधारणांत विधवांना पुन्हा लग्नाची मोकळीक मिळाली. तरी विसाव्या शतकातही कायद्यानं कुटुंबप्रमुख पुरुषच असायचा. बाप गेला की प्रमुखपद आईच्या आधी मुलाकडे जायचं, मग तो पाळण्यात का असेना. दक्षिण कोरियातल्या बायकांच्या संघटना याविरुद्ध अनेक दशकं लढल्या. २००५ मध्ये तो कायदा रद्द ठरला आणि २००८ पासून तशी नोंदच बंद झाली. या वेळी कुणी वेश पालटून आलं नव्हतं. बायकांनीच नियम बदलून घेतला होता.

या महिन्याच्या बैठकीत एक करून बघा. छुनह्यांगची गोष्ट गटात सांगा आणि नंतर प्रत्येकीला विचारा: आपल्या घराच्या कोणकोणत्या कागदांवर आपलं नाव आहे? जिथे नाही, ते कुणी ठरवलं? उत्तरं आम्हाला कळवा. पुढच्या वेळी त्यावरच बोलू. नमस्कार.