धुळीआडचा मिरुग

खारपाणपट्ट्यात पाण्याची परीक्षा जिभेवर होते. भातकुलीच्या आसपास पूर्णेच्या गाळाची काळी, भारी जमीन आहे. तिथं विहीर खणली की पाणी लागतं, पण पहिला घोट घेतल्यावर बरेचदा तोंड वाकडं होतं. पिकाला दिलं तर माती चोपण होते, प्यायलं तर तहान भागत नाही. वऱ्हाडातल्या या पट्ट्यात अख्ख्या पिढ्या पावसाच्या पाण्यावर आणि जमिनीतल्या ओलीवर हरभरा काढत आल्या.

हा खार पाण्यात आला तो इथल्या गाळातून. पण त्यातलं सोडियम मुळात तयार कुठं झालं, हा प्रश्न विचारला की उत्तर फार लांब नेतं. सूर्यासारखा तारा आपल्या आयुष्यात हायड्रोजनचं हेलियम करतो, उतारवयात हेलियमचा कार्बन आणि ऑक्सिजन करतो, आणि तिथंच त्याची भट्टी विझते. कार्बन पेटवून सोडियम करायचं तर पोटात पन्नास-साठ कोटी अंशांचं तापमान लागतं. तेवढी धग सूर्याच्या आठपटींहून जड असलेल्या ताऱ्यांनाच साधते. मिठातलं क्लोरीनही मुख्यत्वे अशाच ताऱ्यांच्या पोटात आणि त्यांच्या अंतिम स्फोटात घडतं. सूर्य जन्मायच्या आधी कित्येक जड तारे जळून फुटले, त्यांची राख ज्या ढगात मिसळली त्या ढगातून आपली पृथ्वी झाली. भातकुलीच्या विहिरीची चव त्या राखेची आहे.

मग असे तारे जन्मतात कसे? खगोलशास्त्रातला हा आजही पुरता न सुटलेला प्रश्न आहे, आणि तो सोडवायच्या कामात महाराष्ट्रातल्या एका गावाचा मोठा वाटा आहे. त्या गावाकडे जाण्याआधी आपल्याच वावरातून वर बघू.

दिवाळीनंतर तूर फुलावर येते, हरभरा वर निघतो आणि जागल सुरू होते. रोही आणि रानडुकरं रात्रीतून वावर साफ करतात, म्हणून माणूस मचाणावर रात्र काढतो. त्याच्या सोबतीला रात्रभर मृग असतो. आपल्याकडे त्याला मिरुगच म्हणतात. लक्ष्मीपूजनाच्या रात्री अकरा-बारा वाजता पूर्वेला बघा. चार ठळक ताऱ्यांचा चौकोन आणि त्याच्या पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण. बाणाच्या दक्षिणेला तीन फिकट ठिपके आहेत. मधला ठिपका नीट बघितला तर धुरकट दिसतो. तो तारा नव्हे, वायूचा ढग आहे. साडेतेराशे प्रकाशवर्षांवर असलेली ही मृगातली तेजोमेघ-वसाहत म्हणजे जड तारे घडवणारी आपल्याला सर्वांत जवळची जागा. या ढगाला उजळवणारा मुख्य तारा सूर्याच्या सुमारे तीसपट जड आहे.

पण डोळ्यांना दिसतं ते झालेलं बाळंतपण. चालू असलेलं बाळंतपण त्या धुरकट ठिपक्याच्या मागच्या काळोखात आहे. १९६७ मध्ये बेकलिन आणि नॉयगेबाउअर या दोघांनी अवरक्त किरणांत तिथं एक प्रखर वस्तू टिपली. साध्या दुर्बिणीला त्या जागी काहीच दिसत नव्हतं. पुढं अमेरिकेतल्या व्हीएलए या रेडिओ दुर्बिणीने अनेक वर्षांच्या अंतराने त्याच जागेच्या नोंदी घेतल्या. २००५ मध्ये त्या ताडून पाहिल्यावर कळलं की ही वस्तू आणि तिच्या शेजारचा आणखी एक तरुण तारा एकमेकांपासून दूर पळताहेत. पळण्याच्या रेषा उलट्या मोजत नेल्या तर सुमारे पाचशे वर्षांपूर्वी ते एकाच ठिकाणी होते. (आपल्याला आज दिसणाऱ्या दृश्याच्या हिशेबाने पाचशे, प्रकाशाचा प्रवास त्याहून वेगळा.) कोवळ्या जड ताऱ्यांचा एक घट्ट घोळका होता, त्यांच्यात ओढाताण झाली आणि ते चहूकडे फेकले गेले. त्या हिशेबाने हे घडत होतं तेव्हा अचलपुरात इमादशाही होती. ताऱ्यांच्या गोष्टी नेहमी कोट्यवधी वर्षांच्या असतात असं आपण धरून चालतो. ही गोष्ट मात्र आपल्या बखरींच्या मापाची आहे, आणि ती रेडिओनेच कळली.

रेडिओलाच का कळली, ते सांगायला हवं. हे तारे धुळीच्या जाड ढगात जन्मतात. या धुळीचे कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक असतात. दृश्य प्रकाशाच्या लहरीही साधारण त्याच मापाच्या, म्हणून त्या कणांवर अडतात आणि विखुरतात. रेडिओ लहर सेंटिमीटरची, कधी मीटरची असते. तिला ते कण जाणवतसुद्धा नाहीत. ती सरळ पार होते.

शिवाय जड तारा स्वतःच हाळी देतो. तो इतका तापलेला असतो की त्याच्या अतिनील किरणांनी भोवतालच्या हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटे होतात. आठ-दहा हजार अंश तापलेल्या या वायूच्या बुडबुड्यात सुटे इलेक्ट्रॉन प्रोटॉनजवळून जाताना वळतात आणि वळताना रेडिओ लहरी सोडतात. सूर्यासारख्या साध्या ताऱ्याच्या जन्मावेळी असा बुडबुडा तयार होत नाही. त्यामुळे आकाशगंगेच्या पट्ट्यात रेडिओवर एखादा लहानसा, दाट ठिपका चमकला की तिथं जड तारा नुकताच पेटला असण्याची शक्यता मोठी. वुड आणि चर्चवेल यांनी १९८९ मध्ये व्हीएलएने अशा ठिपक्यांची पाहणी केली तेव्हा ते अपेक्षेपेक्षा फारच जास्त निघाले. तापलेला बुडबुडा भराभर फुगायला हवा, लहान अवस्थेत तो थोडाच काळ सापडायला हवा. मग एवढे लहान बुडबुडे कसे? काहीतरी त्यांना दाबून धरत असणार. भोवतालचा दाट वायू, किंवा ताऱ्यावर अजून कोसळत असलेला ढग.

कोसळत असलेला ढग म्हटलं की मूळ अडचण समोर येते. सूर्य सुमारे हजार कोटी वर्षं जगतो. तीसपट जड तारा साठेक लाख वर्षांत संपतो. त्याची घाई जन्मापासूनच असते. त्याच्या पोटातली आग पेटते तेव्हा त्याचं अंग भरणं चालूच असतं. म्हणजे एकीकडे वायू आत पडतोय आणि दुसरीकडे त्या ताऱ्याचाच प्रकाश त्याला बाहेर ढकलतोय. साधं गणित केलं तर ठरावीक वजनानंतर वाढ थांबायला हवी. ती थांबत नाही. आज मानलं जाणारं उत्तर असं: वायू चारही बाजूंनी न पडता चकतीतून येतो, आणि चकतीच्या वर-खाली दोन बाजूंनी झोत बाहेर फेकले जातात, त्या वाटेने प्रकाशाचा जोरही निघून जातो. लहान ताऱ्यांत चकती आणि झोत सहज सापडले. जड ताऱ्यांत ते दाखवणं कठीण, कारण असे तारे मोजके, दूर आणि झाकलेले.

आता ते गाव. जुन्नर तालुक्यातलं खोडद, नारायणगावजवळ. पुण्याहून साधारण ८० किलोमीटर. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय खगोलभौतिकी केंद्राची जीएमआरटी ही दुर्बीण इथं आहे. तिच्यामागचा माणूस गोविंद स्वरूप. १९६३ मध्ये होमी भाभांच्या बोलावण्यावरून ते भारतात परतले. ऑस्ट्रेलियाने दिलेल्या सहा फुटी ३२ तबकड्या त्यांनी कल्याणजवळ मांडल्या आणि १९६५ मध्ये सूर्याची निरीक्षणं सुरू केली. पुढं उटीची दुर्बीण झाली, आणि मग खोडदची. २००१ मध्ये तिचं राष्ट्रार्पण झालं. स्वरूप २०२० मध्ये गेले.

खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. चौदा जवळजवळ, साधारण एक किलोमीटरच्या चौकात. बाकी सोळा तीन हातांवर, २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या, द्राक्षबागा आणि टोमॅटोच्या मळ्यांमधून. एवढी मोठी तबकडी पत्र्याची केली असती तर वाऱ्याने तिचं शीड केलं असतं. स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टीलच्या दोरांचा सांगाडा ताणून त्यावर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या तारेची जाळी बसवली. जाळीची भोकं एक ते दोन सेंटिमीटरची. वारा आरपार जातो, पण पाव ते दोन मीटरची लहर त्या जाळीला सलग पृष्ठभाग समजून परतते. तिकडे अवकाशात लहरीपेक्षा लहान कण तिला अडवू शकत नाहीत, इकडे लहरीपेक्षा लहान भोकं तिला निसटू देत नाहीत. एकाच नियमाची ही दोन टोकं मला फार सुंदर वाटतात. आणि वजन घटलं म्हणून खर्च घटला, म्हणून आपल्यासारख्या देशाला ही दुर्बीण परवडली.

तीस तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात. दोन तबकड्या जितक्या लांब तितका तपशील बारीक, जितक्या जवळ तितका पसरट वायू स्पष्ट. जड ताऱ्यांच्या अभ्यासाला दोन्ही एकदमच लागतं. कोवळ्या ताऱ्याचा ठिपका टिपायचा आणि त्याने फुगवलेला विरळ ढगही. खोडदची मांडणी त्यासाठी जणू बेतूनच केलेली आहे. पंचवीस वर्षांत टाटा संस्थेच्या आणि इतर ठिकाणच्या खगोलशास्त्रज्ञांनी तिच्यावर अशा कितीतरी वसाहतींचे नकाशे काढले.

बरेचदा त्या नकाशांना जोडीदार असतो तो हैदराबादहून उडणाऱ्या फुग्याचा. टाटा संस्थेचा १०० सेंटिमीटरचा आरसा फुग्याखाली टांगून, तीसेक किलोमीटर उंचीवर, हवेतली बहुतेक वाफ खाली सोडून, तापलेल्या धुळीचे दूर-अवरक्त किरण मोजतो. खोडद वायू सांगतो, फुगा धूळ सांगतो. हैदराबादहून फुगे सुटायचे असले की यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर अशा जिल्ह्यांनाही सूचना जाते: वावरात यंत्र उतरलेलं दिसलं तर हात लावू नका, पोलिसांना कळवा. आपल्या विदर्भाचा या शास्त्राशी असा अगदी जमिनीवरचा संबंध आहे.

खोडदची खरी ताकद मात्र कमी वारंवारितेत आहे. तापलेला वायू उंच वारंवारितेला पारदर्शक असतो, खाली येऊ तसा धुक्यासारखा दाटतो आणि मंदावतो. चुंबकक्षेत्रात प्रकाशाच्या वेगाजवळ धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांचं उलट असतं, खाली येऊ तसे ते अधिक प्रखर होतात. म्हणजे खालच्या सुरात ऐकलं की नुसती धग कोणती आणि धडक कोणती ते वेगळं काढता येतं.

धनू राशीच्या दिशेला, साडेचार-पाच हजार प्रकाशवर्षांवर एचएच ८०-८१ नावाचा झोत आहे. तो सोडणारा जड बालतारा धुळीत लपलेला. १९९३ मध्ये व्हीएलएने या झोताची कित्येक प्रकाशवर्षं लांब रेघ दाखवली. २०१० मध्ये त्यातल्या लहरी ध्रुवीकृत निघाल्या. म्हणजे झोतात चुंबकक्षेत्र आहे, आणि इलेक्ट्रॉनांना प्रचंड वेग देणारे धक्केही आहेत. बालताऱ्याच्या झोतात असं प्रथमच सिद्ध झालं. मग सरिता विग आणि सहकाऱ्यांनी जीएमआरटीवर ६१० आणि ३२५ मेगाहर्ट्झला तोच झोत पाहिला. त्यांचा निष्कर्ष २०१८ मध्ये आला: झोतातल्या गाठी खालच्या सुरात अधिक प्रखर होतात. मोठ्या आकाशगंगांच्या केंद्रातली कृष्णविवरं ज्या रीतीने झोत फेकतात, तिचंच लहान रूप एका जन्मणाऱ्या ताऱ्यापाशी दिसलं. माझ्या मते खोडदने ताऱ्यांच्या जन्माविषयी सांगितलेल्या गोष्टींत ही सर्वांत मोलाची.

हे सगळं ऐकायला शांतता लागते. मोबाइल, वीजतारा, वाहनांच्या ठिणग्या हे सगळं रेडिओत गोंगाट करतं. पुणे-नाशिक रेल्वेची आखणी दुर्बिणीजवळून गेली तेव्हा शास्त्रज्ञांनी हरकत घेतली आणि रेल्वेने मार्ग बदलायचं ठरवलं. जुन्नरच्या शेतकऱ्याला रेल्वे हवी आहे, त्याचा माल नाशवंत आहे. त्याची मागणी खरी आहे, आणि ती दुसऱ्या वाटेने पुरी व्हायलाच हवी. पण एकदा गेलेली शांतता परत आणता येत नाही, म्हणून मी दुर्बिणीच्या बाजूने आहे. दरवर्षी २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या निमित्ताने खोडदला प्रदर्शन भरतं. गावोगावच्या शाळांची पोरं हजारोंनी येतात आणि तबकडीखाली उभी राहून मान वर करतात. भातकुलीच्या शाळेतल्या पोरांनाही एकदा तिथं नेलं पाहिजे.

जूनच्या सात-आठ तारखेला मिरुग लागतो. वऱ्हाडात बियाणं काढून ठेवलेलं असतं, नजरा आभाळाकडे. त्या दिवसांत सूर्यच मृग नक्षत्रात असतो, त्यामुळे ज्याची वाट बघतो तो मिरुग तेव्हा कुणालाच दिसत नाही. तो सूर्याच्या उजेडात आणि पावसाच्या ढगांआड दिवसाच उगवून दिवसाच मावळतो. खोडदच्या तबकड्या मात्र भर दुपारी, ढगांखालूनही त्याच्याकडे वळवता येतात.