व्होल्टेज कमी, मोटर गरम! पंप जळण्याआधी हे साधं गणित करा

कर्जत/खालापूर : राजनाला कालव्याचं पाणी ज्यांच्या शेतात पोहोचतं, त्यांचं उन्हाळी भात निघतं. बाकीच्यांचा भरवसा विहिरीवर आणि मोटरवर. साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल २०२४ पासून वीजबिल माफ आहे, पण जळालेली मोटर कोणी माफ करत नाही. रिवायंडिंगचा खर्च आपल्याच खिशातून जातो.

माझी दीड एचपीची सिंगल फेज मोटर दोन उन्हाळ्यांत दोनदा जळाली. मी लाईटला शिव्या देत बसलो. शेवटी वायरमनने मीटर लावला, तेव्हा दोष माझ्याच वायरीत निघाला.

मोजलं काय?
मोटर चालू असताना पेटीजवळ २३० व्होल्ट, विहिरीवर १९० व्होल्ट. म्हणजे ४० व्होल्ट वाटेतच गेले. टाँग टेस्टरने करंट मोजला, तो १० अँपिअर. मोटरच्या प्लेटवर लिहिलेला होता ८.

गणित असं
रोध = व्होल्टेज भागिले करंट. ४० ÷ १० = ४ ओहम. हा माझ्या वायरीचा आणि कुजलेल्या जॉइंटांचा रोध.
पॉवर = व्होल्टेज गुणिले करंट. ४० × १० = ४०० वॅट. एवढी वीज नुसती वायर तापवण्यात जात होती. दिवसाला ४ तास मोटर चालली तर १.६ युनिट वाया.

मोटर का जळते?
साधा बल्ब व्होल्टेज कमी झालं की मंद होतो, करंटही कमी घेतो. मोटरचं उलटं आहे. पाणी तेवढंच उचलायचं असतं, म्हणून व्होल्टेज पडलं की ती करंट जास्त ओढते. आणि वायंडिंगची उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. ८ चा वर्ग ६४, १० चा वर्ग १००. म्हणजे करंट सव्वापट, पण उष्णता दीडपटीच्या वर.

एक लक्षात ठेवा, मोटरला नुसतं व्होल्टेज गुणिले करंट केलं की खरे वॅट मिळत नाहीत. त्याला पॉवर फॅक्टरनेही गुणावं लागतं. वायरीला मात्र वरचं गणित सरळ लागू पडतं.

उपाय काय?
विहीर १५० मीटर लांब, म्हणजे जाऊन-येऊन ३०० मीटर वायर. माझी होती दीड स्क्वेअर एमएमची. ती काढून चार स्क्वेअर एमएमची तांब्याची टाकली, जॉइंट काढले. रोध दीड ओहमच्या आसपास आला. आता करंट साधारण साडेआठ, वाटेत पडतात फक्त १३ व्होल्ट.

हेच गणित आपल्या भागात शंभर वर्षांपूर्वी वापरलं गेलं. खोपोलीचं वीजघर १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं. तिथली वीज मुंबईला उच्च दाबाने नेली, ती याचसाठी. तेवढ्याच विजेसाठी दाब दहापट केला की करंट दहावा हिस्सा लागतो आणि त्याच तारेतला तोटा शंभरावा हिस्सा होतो.

तेव्हा नवी मोटर आणण्याआधी दोन्ही टोकांना व्होल्टेज मोजून घ्या. पेटीवरच व्होल्टेज कमी असेल, तर आकडा लिहून वीज कार्यालयात लेखी तक्रार द्या. पेटीवर बरोबर आणि विहिरीवर कमी असेल, तर वायर बदला. मोजणी वायरमनकडूनच करून घ्या. ओल्या हाताने, अनवाणी पेटीला हात लावू नका.