प्रवाळाचं विष कुणासाठी?

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर सार्कोफायटॉन हा मऊ प्रवाळ वाढतो. दगडी प्रवाळाचा चुनखडीचा सांगाडा त्याच्यापाशी नाही. मांसल अंगात चुन्याच्या बारीक काड्या तेवढ्या विखुरलेल्या असतात. पळता येत नाही, लपताही येत नाही, तरी माशांच्या वर्दळीत तो उघड्यावर टिकतो, कारण त्याच्या शरीरात सार्कोफायटॉक्साइडसारखी विषारी द्रव्यं असतात. पण कवडीच्या नात्यातली, अंड्यासारख्या पांढऱ्याशुभ्र शंखाची ओव्ह्युला ओव्हम ही गोगलगाय नेमका हाच प्रवाळ खाऊन जगते. मग एवढं विष बनवून प्रवाळाने मिळवलं काय? मला वाटतं, हा प्रश्न विचारताना आपण विषाकडून नको ती अपेक्षा धरतो. सगळे शत्रू संपवणं हे विषाचं काम नव्हेच. शत्रूंची संख्या मोजक्यांवर आणणं हे त्याचं काम. ओव्ह्युलाच्या पचनसंस्थेत या विषातला ऑक्सिजनचा एक अणू निघून जातो आणि उरलेलं द्रव्य बरंच सौम्य होतं, असं जॉन कोल आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात दाखवलं. ही सोय ज्याच्यापाशी नाही, त्याला हा घास परवडत नाही.

यावर कुणी म्हणेल, ही द्रव्यं शेजारच्या प्रवाळांना रोखण्यासाठी असतील, भक्षकांचा संबंध योगायोगाचा. काही मऊ प्रवाळ रसायनांनी शेजाऱ्यांना इजा करतात, हे खरंच आहे. पण एका द्रव्याने दोन कामं करू नयेत असा नियम नाही. कॅरिबियन समुद्रातल्या प्लेक्झॉरा होमोमॅला या प्रवाळात प्रोस्टाग्लँडिनं विपुल सापडली ती १९६९ मध्ये. पुढे प्रयोगात ही द्रव्यं मिसळलेलं खाणं माशांनी ओकून टाकलं आणि नंतर ते टाळायलाही शिकले. मात्र सायफोमा गिबोसम ही ठिपकेदार गोगलगाय तोच प्रवाळ खाते. दोन वेगळ्या समुद्रांत, वेगळ्या द्रव्यांनी, घडतं ते हेच: बहुतेक भक्षक दूर राहतात, एखादी गोगलगाय आत शिरते.

आत शिरलेल्या त्या एकीचं काय, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. सायफोमा बहुधा प्रवाळाचा एक पट्टा खरवडते आणि पुढे सरकते. उरलेला प्रवाळ जगू शकतो. पण गोगलगायी वाढल्या तर? फ्लोरिडा कीजमधल्या प्रयोगात मोठ्या माशांना जाळीबाहेर ठेवल्यावर सायफोमांची संख्या आणि प्रवाळावरच्या जखमा, दोन्ही वाढल्या. विषाने मोडता न आलेला शत्रू माशांच्या तोंडी जातो, म्हणून आवाक्यात राहतो. हे मासे बेसुमार पकडले गेले, तर प्रवाळाचं विष जसंच्या तसं असूनही त्याचा बचाव दुबळा पडेल.