अदृश्य शाई आणि पाण्याखालचे देऊळ

एके काळी पांढरे सदरे धुताना घरोघर टिनोपाल घालीत. आज तसलेच द्रव्य धुण्याच्या पावडरीत असते. त्याने मळ निघत नाही, तरी सदरा उजळतो. हे कसे?

उन्हात आपल्या डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. हे द्रव्य ते किरण गिळते आणि निळसर, दिसणारा उजेड बाहेर टाकते. रुपया घ्यावा आणि दलाली कापून बारा आणे परत करावेत, तसा हा व्यवहार आहे. दलाली उष्णतेच्या रूपाने जाते. याला अनुस्फुरण म्हणतात. केंब्रिजच्या स्टोक्स यांनी १८५२ साली त्याचा नियम मांडला.

अदृश्य शाई ती हीच. आपल्या नोटांवरचे क्रमांकही अतिनील दिव्याखाली चमकतात. नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापणाऱ्या कामगारांना हे सांगायला नको. नोटेचा कागद मात्र दिव्याखाली मंद राहतो, म्हणून अंक उठून दिसतात. चित्रकाराने हेच ध्यानात ठेवावे. बाजारातला शुभ्र कागद स्वतःच चमकतो आणि शाईला झाकून टाकतो. कागद आधी दिव्याखाली पारखून घ्यावा. साध्या रंगाचे चित्र वाळले की त्यावर शाई लावावी. रंगाखाली लावली तर किरण रंगच खाऊन टाकतो. चित्र उन्हात टांगू नये, शाई विटते.

आता चित्र कशाचे? आपल्या भाटघरचे काढा. १९२० च्या दशकात हे धरण पुरे झाले. त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणकडे जाते आणि तिकडचा ऊस वाढवते. इकडे वेळवंडीकाठची शेते बुडाली. कांबऱ्याचे कांबरेश्वराचे देऊळ वर्षातले बहुतेक महिने पाण्यात असते आणि उन्हाळ्यात पाणी उतरले की वर येते.

साध्या रंगात जलाशय रंगवा. त्यावर अदृश्य शाईने देऊळ, बांध, घरे आणि डोक्यावर दगड वाहणारे मजूर काढा. खोलीत अंधार करून पाहणाऱ्याच्या हाती छोटा दिवा द्या. तो जिथे उजेड पाडील तेवढेच दिसेल. कुणाला देऊळ सापडेल, कुणाला मजूर. सगळे एकदम कुणालाच दिसणार नाही. मग माणसे एकमेकांना हाका मारतील, "इकडे या, इथे घर आहे." चित्राचा अर्धा भाग असा पाहणाराच पुरा करतो.

दिवा सुमारे ३६५ नॅनोमीटरचा घ्यावा आणि कुणाच्याही डोळ्यांवर धरू नये. जंतू मारण्याचे आखूड लहरींचे दिवे मुळीच वापरू नयेत. त्यांनी डोळे आणि कातडी पोळतात.

हा खर्च एखाद्या शाळेलाही झेपेल. ज्यांची जमीन गेली त्यांच्या म्हाताऱ्या नातवंडांना आधी बोलवा. कुठले घर कुठे होते, हे घरी ऐकलेले त्यांच्यापाशी आहे. कागदावर ते उतरले नाही, तर पुढे दिवा धरूनही काही दिसणार नाही.