पट्टी शेतकऱ्याची, शाळा कोणाची?

खेड्यातील सरकारी शाळा म्हणजे सरकारची कृपा, असा समज अजूनही रूढ आहे. खानदेशचा महसुली इतिहास मात्र निराळे सांगतो. येथील शेतकऱ्याने शाळेचे पैसे आधी मोजले. शाळा त्याच्या मुलांपर्यंत पोहोचायला अनेक दशके लागली.

मुंबई इलाख्यात १८६० च्या दशकात शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा जादा पट्टी आकारली जाऊ लागली. १८६९ च्या कायद्याने तिला पक्के स्वरूप आले. 'लोकल फंड' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पट्टीचा एक तृतीयांश भाग शिक्षणाकडे आणि उरलेला प्रामुख्याने रस्त्यांसारख्या कामांकडे जाई.

अमेरिकेतील सार्वजनिक शाळाही स्थानिक करावरच उभ्या राहिल्या. मॅसॅच्युसेट्समध्ये होरेस मान यांनी १८३७ पासून सर्वांसाठी सामाईक शाळेचा आग्रह धरला आणि १८५२ मध्ये त्या राज्याने शिक्षण सक्तीचे केले. तेथे कर भरणारे नागरिकच शाळासमिती निवडत. अर्थात, कृष्णवर्णीयांच्या वाट्याला ही समता आली नाही. वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरण्यास १९५४ साल उजाडावे लागले.

आपल्याकडे कर आला, पण करदात्याचा अधिकार आला नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे नेमके हेच मांडले : सरकारी महसूल रयतेच्या श्रमातून येतो आणि तिच्याच शिक्षणावर त्यातील फारच थोडा खर्च होतो.

त्याआधी दोनच वर्षे, १८८० मध्ये, जळगावजवळच्या आसोद्यात एका शेतकरी कुटुंबात बहिणाबाईंचा जन्म झाला होता. त्यांना अक्षरओळख कधीच झाली नाही. त्यांच्या ओव्या इतरांनी टिपून ठेवल्या म्हणूनच वाचल्या. शाळेची पट्टी भरणाऱ्या खानदेशात अशा किती जणींचे शब्द विरून गेले, याची मोजदाद कोण करणार?

१९१८ हे वर्ष बोलके आहे. त्या वर्षी अमेरिकेतील शेवटच्या राज्यानेही सक्तीचे शिक्षण स्वीकारले. त्याच वर्षी विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. पण त्याने नगरपालिकांना सक्ती करण्याची केवळ मुभा दिली. खेडी बाहेरच राहिली. ग्रामीण भागासाठी १९२३ चा कायदा आला, तरी पैशाअभावी सक्ती बहुतांशी कागदावरच राहिली. या काळात अमळनेरला प्रताप शेठजींसारख्या दानशूरांनी शिक्षणाला हात दिला. तेथील प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजींनी १९२४ ते १९३० अध्यापन केले. परंतु दातृत्व गावोगावी पुरे पडत नाही.

१९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि जळगाव व धुळे जिल्ह्यांतील खेड्यांच्या शाळा लोकनियुक्त संस्थेच्या हाती आल्या. २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी मोफत व सक्तीचे शिक्षण हा अंमलात आलेला हक्क आहे. पटसंख्येच्या हिशेबाने एखादी शाळा बंद करण्याची चर्चा निघते, तेव्हा हा जुना हिशेबही पुढे ठेवायला हवा. त्या शाळेचे पैसे गावाने फार पूर्वीच भरले आहेत.